बाटलीवरचा इशारा वाचतं कोण?

गोड पेयाच्या बाटलीवर 'यात साखर जास्त आहे' असं ठळक छापलं, तर घरातले लोक ती बाटली घेणं कमी करतील का? सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात हा प्रश्न गेली दहाएक वर्षं चांगलाच गाजतोय. आज त्याचा इतिहास बघू आणि मग तोच प्रश्न बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या उमापूरला नेऊन ठेवू. जागा बदलली की प्रश्नही कसा बदलतो, हे पीएचडीचा विषय शोधणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी बघावं.

आपल्याकडे वेष्टनावरचा इशारा आला तो सिगारेटमुळे. १९७५ च्या कायद्याने पाकिटावर 'सिगारेट ओढणे आरोग्यास हानिकारक आहे' अशा अर्थाचं एक वाक्य छापणं सक्तीचं झालं. एक वाक्य, तेही ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी. चित्र यायला ३१ मे २००९ उजाडलं आणि चित्रासह इशाऱ्याने पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापायला १ एप्रिल २०१६. म्हणजे वाक्यापासून मोठ्या चित्रापर्यंत यायला आपल्याला चाळीस वर्षं लागली.

दुसरा धागा फारसा कुणी सांगत नाही, पण आपल्या विषयाला तोच जास्त जवळचा आहे. १९९२ मध्ये बाळांच्या डब्याच्या दुधाबद्दल कायदा झाला. डब्यावर 'आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम' या अर्थाचं वाक्य ठळक छापायचं आणि गुटगुटीत बाळाचं किंवा आईचं चित्र मात्र छापायचं नाही. इथे पिणारा वेगळा आणि निवडणारा वेगळा. शिवाय कायद्याने नुसता इशारा वाढवला नाही, भुरळ घालणारं चित्रही काढायला लावलं.

तिसरा धागा २००१ चा. पाकीटबंद खाद्यपदार्थांवर शाकाहारासाठी हिरवा आणि मांसाहारासाठी तपकिरी ठिपका आला. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा पुडा उलटून हिरवा ठिपका शोधते. या खुणेला कुठली भाषाच लागत नाही.

आता पेयांकडे येऊ. १९७७ मध्ये कोका-कोला भारतातून गेली, तेव्हा मुंबईच्या पार्लेचं थम्स अप आलं. १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि तिने पार्लेचे ब्रँडच विकत घेतले. पण खेड्यांच्या दृष्टीने मोठी घटना त्यानंतर दहाएक वर्षांनी घडली : २०० मिलिलीटरची बाटली पाच रुपयांत मिळू लागली. शहरात मिरवण्याची वस्तू एसटी स्टँडवरच्या टपरीत आली. साध्या कोलात १०० मिलिलीटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे त्या छोट्या बाटलीत २० ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही अशी साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. लहान मुलाचा हिशोब त्याहून कमी.

इशाऱ्याने काही फरक पडतो का, याचे दोन प्रयोग मुद्दाम लक्षात ठेवा. २०१६ मध्ये क्रिस्टिना रॉबर्टो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २,३८१ पालकांना ऑनलाइन विचारलं, मुलासाठी कोणतं पेय घ्याल? बाटलीवर काहीच नसताना ६० टक्के पालकांनी गोड पेय निवडलं, नुसत्या कॅलरी लिहिल्या तेव्हा ५३ टक्क्यांनी आणि आरोग्याचा इशारा दिला तेव्हा ४० टक्क्यांनी. २०२२ मध्ये मारिसा हॉल यांच्या गटाने किराणा दुकानासारखी प्रयोगशाळा मांडून ३२५ पालकांना खरीच खरेदी करायला लावली. चित्रमय इशारा नसलेल्या गटात ४५ टक्क्यांनी मुलासाठी गोड पेय घेतलं, इशारा असलेल्या गटात २८ टक्क्यांनी. आकडा बोलतो, इशारा त्याहून जास्त बोलतो आणि चित्रानेही हात आखडतो, असा हा पुरावा.

देशभर करून बघितलं ते चिलीने. जून २०१६ पासून तिथे जास्त साखरेच्या पदार्थांवर काळा अष्टकोन आला आणि अशा पेयांची घरगुती खरेदी साधारण २४ टक्क्यांनी घटली. पण इथे घाई करू नका. त्याच कायद्याने मुलांसाठीच्या जाहिरातींवर आणि शाळेतल्या विक्रीवरही बंधनं आणली. सगळं श्रेय एकट्या अष्टकोनाला देता येत नाही. अशा एकत्र आलेल्या कारणांची गाठ सोडवणं, हेच तर आपलं काम.

भारतात सप्टेंबर २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मसुदा आणला तो ताऱ्यांचा, अर्ध्या ताऱ्यापासून पाचपर्यंत. गंमत बघा, तारा म्हणजे आपल्याकडे शाबासकी! एक तारा मिळालेलं पेय मुलाला 'वाईट' वाटेल की 'एक तरी मिळाला' असं वाटेल? आरोग्य कार्यकर्त्यांनी यावर आक्षेप घेतला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने निर्णयासाठी तीन महिन्यांची मुदत घातली. त्याच वर्षी नागपूरच्या एम्समध्ये साखर आणि तेलाचे माहितीफलक लावायची बातमी आली, तर 'समोशा-जिलेबीवर इशारा' असा गवगवा झाला आणि तसा कुठलाही आदेश नाही, असा खुलासा केंद्राला करावा लागला.

मात्र एका प्रकारच्या गोड पेयावर आपल्याकडे इशारा आधीपासूनच आहे : एनर्जी ड्रिंक. मुलांनी, गरोदर आणि स्तनदा मातांनी घेऊ नये, असं त्या डब्यावर छापावंच लागतं. तरीही जुलै २०२४ मध्ये शाळा-कॉलेजांच्या ५०० मीटर परिसरात जास्त कॅफिनची पेयं विकण्यावर बंदी आणणार, असं राज्याच्या मंत्र्यांना विधान परिषदेत सांगावं लागलं. छापील इशारा पुरला असता, तर ही वेळ कशाला आली असती? नियम असा की लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं तरी चालतं. मराठी सक्तीची नाही. शिवाय अक्षर बारीक आणि मजकूर पाठीमागे.

आता चला उमापूरला. वरच्या दोन्ही प्रयोगांत निवड करणारे कोण होते? पालक. आणि बीड जिल्हा कशासाठी ओळखला जातो? ऊसतोडीसाठी. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेल्या जोड्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पुढचे पाच-सहा महिने ते फडात. काही लेकरं सोबत जातात, काही आजी-आजोबांपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात जेवतात. म्हणजे ज्यांच्या कोयत्याखालून साखर निघते, तेच आई-बाप आपल्या लेकराने किती साखर प्यायली हे बघायला घरी नसतात. त्या काळात दुकानात दहाची नोट घेऊन उभा असतो तो मुलगाच. नोट देणारी आजी बाटली बघतही नाही आणि बघितली तरी तिच्यावरचं इंग्रजी तिला काय सांगणार?

म्हणून तेच प्रयोग जसेच्या तसे इथे लावले, तर आकडे मिळतील, पण उत्तर भलत्याच प्रश्नाचं मिळेल. इथे विचारायला हवं ते असं : इशारा आठ वर्षांच्या मुलाला आणि अक्षर न येणाऱ्या आजीला एका नजरेत कळतो का? आपलाच इतिहास त्याचं अर्धं उत्तर देतो. ठिपका कळतो, चित्र कळतं, पाठीमागचं बारीक वाक्य कळत नाही. उरलेलं अर्धं कुणीतरी मोजायला हवं आणि ते तुमच्यापैकी कुणी करू शकतं.

तेव्हा प्रश्नावलीत 'पालक' हा शब्द लिहिण्याआधी एवढंच करा : तुमचं सर्वेक्षण कोणत्या महिन्यात आहे आणि त्या महिन्यात त्या घरात कोण असतं, हे आधी विचारून घ्या.