पीटर थॉमसन : ओपन पाच वेळा जिंकणारा, कोर्स आखणारा आणि पेपरात लिहिणारा गोल्फर

1964 मध्ये दिल्लीत पहिली इंडियन ओपन झाली आणि ती जिंकली पीटर थॉमसन या ऑस्ट्रेलियन गोल्फरने. ही स्पर्धा सुरू व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांमध्येही ते होते. 1966 आणि 1976 मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. शिवाय पहिली स्पर्धा जिथे झाली, त्या दिल्ली गोल्फ क्लबच्या कोर्सची 1970 च्या दशकात त्यांनीच नव्याने आखणी केली.

थॉमसन यांचा जन्म 1929 चा, मेलबर्नचा. 1954, 1955 आणि 1956 अशी सलग तीन वर्षं त्यांनी ब्रिटनची ओपन जिंकली. विसाव्या शतकात हे दुसऱ्या कुणालाच जमलं नाही. 1958 मध्ये चौथं विजेतेपद मिळालं. तरीही टीकाकार म्हणायचे, ‘तेव्हा बडे अमेरिकन खेळाडू ब्रिटनला यायचेच कुठे?’ 1965 मध्ये अर्नोल्ड पामर, जॅक निकलस आणि आधीच्या वर्षीचा विजेता टोनी लेमा असे तिघेही मैदानात होते. थॉमसन दोन फटक्यांनी जिंकले.

हे समजायला आधी जमीन समजून घ्यावी लागते. ओपन होते ती ‘लिंक्स’वर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूच्या, टणक जमिनीवर. वारा सतत असतो, त्यामुळे चेंडू उंच मारला की भरकटतो. तो खालून मारायचा, ग्रीनच्या अलीकडे टाकायचा आणि पुढे घरंगळू द्यायचा. अमेरिकेतले कोर्स भरपूर पाणी दिलेले, मऊ. तिथे उंचावरून आलेला चेंडू जागीच थांबतो. थॉमसन यांना अमेरिकेत लिंक्सइतकं यश का मिळालं नाही, याचं मोठं कारण हेच.

हीच समज घेऊन ते गोल्फ आर्किटेक्ट झाले. हे काम म्हणजे नुसतं नकाशा काढणं नव्हे. उतार कुठे ठेवायचा, पावसाचं पाणी कुठून काढायचं, बंकर म्हणजे वाळूचा खड्डा कुठे खणायचा, म्हणजे खेळाडूला फटक्याआधी विचार करावा लागेल, हे सगळं त्यात येतं. माइक वुलव्हरिज आणि नंतर रॉस पेरेट यांच्यासोबत त्यांनी शंभराहून अधिक कोर्सवर काम केलं. बेंगळुरूचा कर्नाटक गोल्फ असोसिएशनचा कोर्स त्यातलाच. मेलबर्नजवळच्या मूना लिंक्सवर 2003 आणि 2005 ची ऑस्ट्रेलियन ओपन झाली.

या सगळ्यासोबत ते मेलबर्नच्या ‘द एज’ या वर्तमानपत्रात अनेक दशकं गोल्फवर लिहीत होते. स्पर्धा खेळणारा, मैदान आखणारा आणि त्यावर लिहिणारा माणूस एकच, असं क्रिकेटमध्येही सहसा सापडत नाही. (1982 मध्ये ते व्हिक्टोरिया राज्याची निवडणूकही लढले आणि थोडक्यात हरले.)

आर्किटेक्टच्या कामाची एक अडचण मात्र असते. विजेतेपद कायम नावावर राहतं, कोर्स राहत नाही. गवत बदलतं, चेंडू लांब जाऊ लागतात, क्लबला नवं काही हवं असतं. सेंट अँड्र्यूजजवळ थॉमसन यांनी आखलेला ‘ड्यूक्स’ कोर्स 1995 मध्ये सुरू झाला आणि 2006 मध्ये दुसऱ्या आर्किटेक्टने त्यात मोठे फेरफार केले. थॉमसन जून 2018 मध्ये वारले. पुढच्याच वर्षी दिल्लीचा कोर्स नव्या रूपात खुला झाला. ही नवी आखणी होती दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअर यांची. तेही ओपनचे माजी विजेते, आणि 1950-60 च्या दशकांत थॉमसन यांच्याविरुद्ध खेळलेले.