गाजरगवत, खाज आणि मलम

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके मूळचे अवर्षणाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा वाहूं लागला आणि त्याच्या कांठची कोरडवाहू जमीन उंसाची झाली. पुढें याच कालव्याच्या कडांना, रस्त्यांलगत आणि पडीक रानांत एक परकें तण माजलें. अमेरिका खंडांतून आलेल्या या वनस्पतीची पुण्यांतील नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ राव यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केली. लोकांनीं तिला गाजरगवत म्हटलें; पांढऱ्या टोपीसारख्या फुलांवरून काँग्रेस गवतहि म्हटलें.

या गवतांतील पार्थेनिन हें द्रव्य कातडीशीं वैर धरतें. पहिल्या स्पर्शाला कांहींच होत नाहीं. शरीरांतील संरक्षक पेशी त्या द्रव्याची ओळख तेवढी ठेवतात. वारंवार संबंध आला म्हणजे मग चेहरा, मान व हात लाल होतात, खाज सुटते, कातडी जाड पडते. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ लोणकर यांनीं मिचेल व कॅलनन यांच्यासह १९७४ सालीं या विकाराचें सविस्तर वर्णन केलें.

अशा खाजेवरचा उतारा तोंवर सांपडलेला होता. हायड्रोकॉर्टिसोनचें मलम त्वचारोगावर गुणकारी असल्याचें सुल्झबर्गर आणि विटन यांनीं १९५२ सालींच दाखविलें होतें. लाली व खाज थोड्याच दिवसांत ओसरत असल्यामुळें स्टेरॉइडचीं मलमें जगभर पसरलीं. परंतु सात वर्षांतच, १९५९ मध्यें, याच हायड्रोकॉर्टिसोनची ॲलर्जी झालेले रोगी वैद्यकीय वाङ्मयांत नोंदले गेले.

ज्या औषधानें ॲलर्जी शमवावी, त्याचीच ॲलर्जी झाली तर ती ओळखावी कशी? मलम स्वतः उठविलेला दाह कांहीं अंशीं स्वतःच दाबून टाकतें. पुरळ उसळून येत नाहीं. तें फक्त बरें होत नाहीं. उंसांत खुरपणी करणाऱ्या मजुराला वाटतें कीं औषध कमी पडलें; तो अधिक मलम चोळतो, अधिक जालीम मलम मागतो. कधीं दोष स्टेरॉइडचा नसून त्यांत मिसळलेल्या निओमायसिनचा किंवा मलम टिकावें म्हणून घातलेल्या द्रव्याचा असतो. खरा अपराधी शोधण्यासाठीं पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवितात, दोन दिवसांनीं त्या काढून कातडी तपासतात. स्टेरॉइडच्या बाबतींत हें निरीक्षण सातव्या दिवसापर्यंत लांबवावें लागतें.

भारतांत बाहेरून लावावयाच्या अशा औषधांना चिठ्ठीच्या बंधनांतून दीर्घकाळ सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या आग्रहानंतर मार्च २०१८ मध्यें अनेक स्टेरॉइड मलमांसाठीं डॉक्टरांची चिठ्ठी कायद्यानें आवश्यक झाली. कायदा दुकानाच्या दारापर्यंत पोहोंचतो. घरांतील फडताळांत उरलेली नळी मात्र त्याच्या आटोक्याबाहेर राहते. म्हणून जी खाज मलम लावूनहि हटत नाहीं, तिच्यासाठीं दुसरी नळी आणण्यापूर्वीं पहिल्या नळीची चौकशी झाली पाहिजे.