आकड्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क

कामगाराचा महागाई भत्ता निर्देशांकावर ठरतो. म्हणून आकड्यांचे हिशेब कोणाच्या हाती असतात, हा आम्हां कामगार कार्यकर्त्यांना पोटाचा प्रश्न वाटतो. त्या हिशेबाची भाषा सोपी कशी झाली, त्याची ही हकीकत.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत संख्याशास्त्रज्ञांजवळ फोरट्रान भाषेतील गणिती कृतींचा उत्तम साठा होता. परंतु लहानसा हिशेब करावयाचा तरी त्या कृती जोडणारा स्वतंत्र प्रोग्रॅम लिहावा लागे. उत्तर पाहून नवी शंका आली की पुन्हा तोच खटाटोप! १९७६ साली जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. जुन्या कृती त्यांनी टाकल्या नाहीत. त्यांना एक सोपे दार बसविले. सरासरी हवी, तर तिचे नाव लिहावे आणि कंसात आकड्यांच्या संचाचे नाव द्यावे. बाकीची उस्तवार संगणकाने करावी. आलेले उत्तर लगेच पुढल्या प्रश्नाला पुरविता येई. हीच 'एस' भाषा.

पुढे न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी तिच्याच वळणावर 'आर' रचली, आणि १९९५ साली ती कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी अशा परवान्याने खुली केली.

सोपेपणा ही अडाण्यांना दिलेली सवलत नव्हे. विचारण्याचे श्रम कमी झाले की दुसरा, तिसरा प्रश्न विचारला जातो, आणि सरासरीआड लपलेली विषमता बहुधा तिसऱ्या प्रश्नालाच सापडते. दार उघडे आहे. प्रश्न मात्र आपणच विचारावयाचा आहे.