वाकेनवीस, तुरुंगाचे पत्र आणि संगणकाचे जाळे

छत्रपती संभाजीनगरातून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतून, अजिंठ्याची वाट धरली म्हणजे उत्तरेस हर्सूल लागते. गावाला देवीचे देऊळ आहे, विस्तीर्ण तलाव आहे. परंतु मराठवाड्यात हर्सूलचे नाव निघताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते तेथील मध्यवर्ती कारागृह. तुरुंगाचा रिवाज असा, की बंदिवानाने घरी लिहिलेले पत्र पाकीट बंद होण्यापूर्वी अंमलदाराच्या नजरेखालून जाते आणि घरून आलेले पत्रही आधी उघडले जाते. ही गोष्ट लिहिणारा जाणतो, गावी ते पत्र वाचून घेणारी त्याची आईही जाणते. आणि ती जाणीव असल्यामुळेच काय कागदावर उतरवावे आणि काय भेटीच्या दिवसासाठी मनात राखून ठेवावे, एवढा तरी निर्णय त्या दोघांच्या हाती उरतो. उघड पाळत आणि चोरटी पाळत यांतील हा भेद माझ्या मते मुळातला आहे, आणि तो या भूमीला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे.

मलिक अंबराने १६१० साली वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद होऊन मोगलांच्या दक्षिण सुभ्याचे मुख्य ठाणे बनली, तेव्हा बादशहा आणि सुभेदार यांच्यामध्ये शेकडो कोसांचे अंतर पडले आणि ते अंतर लेखणीने भरून काढावे लागले. सुभ्याच्या कचेरीत वाकेनवीस बसे. दरबारात कोण आले, कोणास काय इनाम मिळाले, कोणती फौज कोठे निघाली, याची रोजची नोंद करून तो ती हुजुरात रवाना करी. मात्र तो उघड बसे, आणि त्याच्या लिखाणात काय आहे याची इत्तला सुभेदारास असे. त्याच्याखेरीज खुफियानवीस नावाचा दुसरा लेखक असे, आणि त्याचे नाव-ठिकाण स्थानिक अंमलदारांस कळू नये अशीच योजना होती. हे सारे वाके, म्हणजे या नोंदी, रात्री नऊच्या सुमारास महालातील स्त्रिया बादशहास वाचून दाखवीत, असे निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने लिहून ठेवले आहे. १६६० ते १६७१ या काळातील दक्षिणेचे निवडक वाके हैदराबादच्या दप्तरखान्याने १९५३ साली छापून प्रसिद्ध केले. ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले, त्यांतील बहुतेकांच्या स्वतःच्या हातची ओळही मागे उरली नसेल. नोंद उरली ती त्यांच्यावर नजर ठेवणाराची.

शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतही हे पद होते. दत्ताजी त्रिंबक हे मंत्री म्हणजेच वाकनीस. राजाच्या दिनचर्येची आणि राजाभोवतीच्या हालचालींची नोंद ठेवणे हे त्यांचे काम. हा अधिकारी प्रधानमंडळात सर्वांसमक्ष बसणारा होता, आणि त्याचे पदनाम पुढे अनेक कुळांचे आडनाव झाले, इतकी त्या कामास प्रतिष्ठा होती. बातमी काढणारे नजरबाज आणि जासूद निराळे. ते शत्रूच्या मुलखासाठी होते.

निजामी अमदानीच्या उत्तरकाळात मात्र ही सीमारेषा पुसली गेली आणि प्रजाच संशयित ठरली. १९२९ च्या ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या सरकारी परिपत्रकाने परवानगीवाचून सभा भरवण्यास मनाई केली. १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांना ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली. वसतिगृहातील प्रार्थना ही सरकारच्या दखलीची बाब ठरली! विद्यार्थ्यांनी ती आज्ञा मोडली, चळवळ हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोचली, आणि तेथून काढून टाकलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठाने आपले दार उघडले.

स्वातंत्र्यानंतरचा एक खटला तर मराठी वाचकाने विसरता कामा नये. प्रभाकर संझगिरी हे मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना त्यांनी अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत एक विज्ञानग्रंथ लिहिला आणि १९६४ साली हस्तलिखित प्रकाशनासाठी पत्नीकडे धाडण्याची मुभा मागितली. सरकारने ती नाकारली. स्थानबद्धाला पुस्तक छापण्याचा हक्क नियमांत कोठेही दिलेला नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता; परंतु उच्च न्यायालयाने आणि त्यापाठोपाठ ६ सप्टेंबर १९६५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. नियमांत जी बंदी लिहिलेली नाही, ती तुरुंगाधिकाऱ्यास मनाने लादता येत नाही, हे या निकालाचे सार आहे. कैद्यावरील निर्बंधही लिहिलेला असावा लागतो.

आता या निकषावर आपल्या कचेऱ्या आणि शाळा तपासून पाहाव्यात. संस्थेच्या वायफायवरून जाणारी प्रत्येक विनंती संस्थेच्याच यंत्रांमधून जाते. कोणत्या संगणकाने, किती वाजता, कोणते संकेतस्थळ मागितले, याची नोंद तेथे आपोआप होऊ शकते. पत्त्याआरंभी कुलुपाचे चिन्ह असलेल्या संकेतस्थळांवरील मजकूर सहसा बाहेरच्यास वाचता येत नाही. पण संस्थेने आपले प्रमाणपत्र त्या संगणकात बसवले असेल, तर तेही कुलूप मध्येच उघडता येते. ब्राउझरची ‘इनकॉग्निटो’ खिडकी त्या एका संगणकावरील खुणा पुसते. जाळ्यावरील नोंद तिने पुसली जात नाही. आजाराविषयी, कर्जाविषयी किंवा नव्या नोकरीविषयी दुपारच्या सुटीत शोध घेणाऱ्या कारकुनाला आणि प्रयोगशाळेत बसलेल्या दहावीच्या मुलीला यातले काही कोणी सांगितलेले असते काय?

संस्थेला नजर ठेवण्याचे कारणच नसते, असे मी म्हणत नाही. मुलांचे संरक्षण करावे लागते, कचेरीच्या दप्तराची चोरी रोखावी लागते, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमाने मालकाला नोकरीशी निगडित कारणांसाठी संमतीवाचूनही काही मोकळीक दिली आहे. परंतु ज्या देशात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, त्या देशात संमती मागितली नाही तरी निदान इत्तला देणे हे कर्तव्यच होय. म्हणून मुख्याध्यापकांना आणि कचेरीप्रमुखांना माझी विनंती आहे, की जेथे संगणक मांडले आहेत त्या खोलीच्या दारावर मराठीत एक कागद लावावा, आणि काय नोंदले जाते, ते कोण वाचतो आणि किती दिवसांनी पुसले जाते, एवढे त्यावर स्पष्ट लिहावे.