गळालेल्या अंकाचा शोध

१/७
'कमळ' लिहिताना 'ळ'चा 'ल' झाला, तरी अक्षरे तीनच राहतात. 'म' गळाला तर मात्र 'कळ' उरते. रिकामी जागा मागे राहत नाही. पुढचे अक्षर सरकून तिथे येते. संदेशवहनाच्या इतिहासात ही दुसरी चूक अधिक चिवट ठरली.

२/७
१९५० साली बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी उलटलेला अंक हुडकून दुरुस्त करणारे संकेत प्रसिद्ध केले. त्यांत एक गोष्ट गृहीत होती: जितके अंक पाठवले, तितकेच पोहोचतात. अंक गळाला, की हे गृहीतच कोसळते.

३/७
१९६५ साली सोव्हिएत संघात वार्शामोव्ह आणि तेनेनगोल्ट्स यांनी एका निराळ्याच दोषासाठी संकेत रचला. १ चा ० होतो, पण ० चा १ होत नाही, असा तो दोष. नियम साधा होता: ज्या स्थानांवर १ असेल, त्यांच्या क्रमांकांची बेरीज करावी. शब्दाच्या लांबीत एक मिळवावा आणि त्या संख्येने बेरजेला निःशेष भाग जात असेल, तरच शब्द स्वीकारावा.

४/७
चार अंकी शब्दांसाठी भाजक ५ येतो. सोळांपैकी चारच शब्द कसोटीला उतरतात: ००००, १००१, ०११०, ११११.

५/७
त्याच वर्षी व्लादिमिर लेव्हेनश्टेन यांनी सिद्ध केले, की हाच संकेत गळालेला किंवा आगंतुक घुसलेला एक अंकही दुरुस्त करतो. पडताळा सहज घेता येतो. १००१ मधून एक अंक गळाला तर ००१, १०१ किंवा १०० उरते. ०११० मधून ११०, ०१० किंवा ०११. उरलेल्या दोघांतून ००० आणि १११. तीन अंकी आठही शब्द असे वाटले गेले आणि एकही दोघांच्या वाट्याला आला नाही. म्हणून हाती आलेल्या तुकड्यावरून मूळ शब्द निःसंशय ओळखता येतो.

६/७
दोन अंक गळाले, की मात्र ही एकच बेरीज पुरत नाही. अनेक गळतींवरील किफायतशीर संकेतांचा शोध अजून चालू आहे. त्याची निकड आता वाढली आहे. कारण डीएनएच्या रेणूंत माहिती साठवण्याचे प्रयोग होत आहेत आणि तिथे लिहिताना-वाचताना अक्षरे खरोखरच गळतात, घुसतात.

७/७
दोन शब्दांतील अंतर मोजण्याची लेव्हेनश्टेन यांची रीत आज शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालींतही वापरली जाते. २००६ साली त्यांना आयट्रिपलई या संस्थेचे पदक मिळाले. त्या पदकाला नाव आहे रिचर्ड हॅमिंग यांचे.