दुर्मिळ म्हणजे महाग? एक फेरारी, पाचशे पॅलिओ आणि आपला 'छेद'

संशोधन आराखडा लिहायला बसलं की काही वाक्यं इतकी उघड वाटतात, की ती तपासायची असतात हेच आपण विसरतो. 'जी वस्तू कमी, तिची किंमत जास्त' हे त्यातलंच एक. अर्थशास्त्रवाले ते वापरतात, आपण विज्ञानवालेही दुर्मिळ खनिज, दुर्मिळ प्रजाती म्हणताना नकळत तेच गृहीत धरतो. आज हे वाक्य एका छोट्या इतिहासावर घासून बघू. इतिहास गाड्यांचा आहे. पण तुम्हाला गाड्यांची आवड नसली तरी चालेल, कारण शेवटी मुद्दा गृहीतकाचा आहे.

एक खेळाडू, एक उद्योगसमूह, दोन गाड्या

सप्टेंबर २००१ मध्ये फियाटने भारतात पॅलिओ आणली. ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. त्याच कारखान्यातून पूर्वी प्रीमियर पद्मिनी बाहेर पडायची. पॅलिओच्या जाहिरातीचा चेहरा होता सचिन तेंडुलकर. पुढे कंपनीने त्याच्या नावाने 'एस-१०' ही खास आवृत्ती काढली. गाडीवर सचिनची सही आणि संख्या फक्त ५००.

त्याच सुमाराला दुसरी गोष्ट घडली. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडिजविरुद्ध सचिनने २९वं कसोटी शतक केलं आणि डॉन ब्रॅडमनची बरोबरी साधली. फेरारी तेव्हा फियाट समूहातच होती. समूहाने त्याला 'फेरारी ३६० मोडेना' भेट द्यायचं ठरवलं आणि जुलै २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते ती दिली गेली.

गाडी भारतात आणताना वाद उभा राहिला. तिची किंमत त्या वेळच्या बातम्यांत साधारण ७५ लाख रुपये सांगितली जायची आणि आयात शुल्क त्याहून जास्त, म्हणजे सुमारे १ कोटी १३ लाख. सरकारने २००३ मध्ये हे शुल्क माफ केलं. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, लोकांनी प्रश्न विचारले आणि शेवटी शुल्क फियाटने भरलं. २०११ मध्ये सचिनने ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाला विकली. सुरत आपल्या धुळ्याच्या थेट रस्त्यावर, त्यामुळे खान्देशात या गाडीच्या गप्पा तेव्हा बऱ्याच रंगल्या. पुढच्याच वर्षी 'फरारी की सवारी' हा सिनेमा आला आणि सचिनची फेरारी घराघरात पोचली.

आता गृहीतक लावून बघा. ३६० मालिकेतल्या मोडेना कूपे गाड्या जगभरात साधारण ८,८०० बनल्या. एस-१० बनल्या ५००. म्हणजे पॅलिओ सुमारे साडेसतरा पट दुर्मिळ. सही दोन्हीकडे त्याच माणसाची, किंबहुना पॅलिओवर ती छापूनच आलेली. तरी जुन्या बाजारात एस-१० ही मुख्यतः जुनी पॅलिओ म्हणूनच विकली गेली. सचिनच्या मोडेनाची विक्री मात्र राष्ट्रीय बातमी झाली.

तुलना रास्त आहे का?

इथे कोणीही चांगला परीक्षक थांबवेल. 'अहो, एक फेरारी आणि एक हॅचबॅक! मूळ किंमतच वेगळी.' आक्षेप बरोबर आहे. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. प्रयोगशाळेत आपण बाकी सगळं स्थिर ठेवून एकच घटक बदलतो. इतिहासात ते हातात नसतं, पण कधी कधी इतिहासच तसा प्रयोग करून ठेवतो. तो शोधायचा.

फेरारी ३६० मध्ये असा प्रयोग सापडतो. ही गाडी १९९९ मध्ये आली. इंजिन तेच, सांगाडा तोच, पण गिअरबॉक्स दोन प्रकारचे होते. एक नेहमीचा हाताने बदलायचा, दुसरा 'एफ-१', ज्यात क्लचचं पायडल नाही, स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलायचे. नवीन घेताना एफ-१ साठी लोक जादा पैसे मोजत, कारण ते शर्यतीतलं तंत्र होतं. बहुतेकांनी तेच घेतलं, त्यामुळे हाताच्या गिअरच्या गाड्या कमी बनल्या.

पण म्हणून त्या लगेच महाग झाल्या नाहीत. पुढे फेरारीने आणि इतर कंपन्यांनी हाताचा गिअर देणं जवळपास बंद केलं. मग ज्यांना तो हवा होता त्यांना जुन्याच गाड्यांकडे वळावं लागलं आणि हाताच्या गिअरची ३६० एफ-१ पेक्षा महाग विकली जाऊ लागली. यात लक्षात घ्यायची गोष्ट ही, की किती बनल्या हा आकडा या काळात अजिबात बदलला नाही. बदलली ती मागणी. स्थिर असलेला आकडा बदललेल्या किमतीचं कारण एकट्याने होऊ शकत नाही. दुर्मिळता पहिल्यापासून होती, पण हवीशी वाटणारी माणसं तयार झाली तेव्हाच तिला किंमत आली.

छेद आधी ठरवा

आता सर्वात निसरडी जागा. सचिनची मोडेना ८,८०० पैकी एक, की एकमेव? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. वर्ग 'मोडेना कूपे' असा घेतला तर छेदात ८,८०० येतात. वर्ग 'ब्रॅडमनच्या बरोबरीसाठी सचिनला दिलेली गाडी' असा घेतला तर छेदात १.

ही युक्ती कुठल्याही वस्तूला लागू पडते. 'एमएच-१९ पासिंगची, निळी, एकाच मालकाने वापरलेली, अमुक वर्षातली गाडी' असं म्हणत वर्ग बारीक करत गेलं, तर जळगावातली कुठलीही गाडी 'एकमेव' ठरवता येईल. म्हणून नियम असा, की वर्ग कोणता हे किंमत बघण्याआधी ठरवायचं आणि तोच का, याचं कारण लिहून ठेवायचं. किंमत बघून मग वर्ग आखला तर निष्कर्ष आपोआप आपल्याला हवा तसाच येतो. आकडेवारीतही हीच चूक होते. निकाल आल्यावर गट पाडायचे आणि मग म्हणायचं, बघा फरक दिसतोय!

आणि छेदही एक नसतो, निदान तीन असतात. किती बनल्या, किती शिल्लक राहिल्या आणि त्यातल्या किती विकायला आल्या. जाहिरातीत पहिला आकडा असतो, बाजार तिसऱ्यावर चालतो. एस-१० च्या ५०० हा जन्माचा आकडा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर नूतनीकरण आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. फियाटने भारतात स्वतःच्या नावाने गाड्या विकणंही थांबवलं, तेव्हा सुट्या भागांची शोधाशोध आली. यात काही गाड्या भंगारात जाणारच. मग शिल्लक संख्या मोजायला सरकारी 'वाहन' पोर्टल उघडलं, तर तिथल्या सार्वजनिक तक्त्यात आरटीओ निवडता येतो, कंपनी निवडता येते, पण खास आवृत्तीचा रकाना नाही. धुळ्याचा एमएच-१८ घ्या नाहीतर जळगावचा एमएच-१९, एस-१० वेगळी दिसणार नाही. जे मोजायचंय ते उपलब्ध विदेत आहे का, हे विषय पक्का करण्याआधी बघा म्हणतात, ते यासाठी.

विमा कंपन्यांचा तक्ताही असाच. गाडी एक ते दोन वर्षांची झाली की २० टक्के घट, चार ते पाच वर्षांची झाली की ५० टक्के आणि पाच वर्षांपुढे कंपनी आणि मालक आपसात ठरवणार. वयाला रकाना आहे, दुर्मिळतेला नाही. तुमच्याकडे ५०० पैकी एक आहे हे त्या तक्त्याला कळतच नाही. ते तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

सिद्ध कशाने करणार?

कागदाने. जळगावच्या सराफ बाजारात दागिना मोडायला नेला तर सराफ वजन आणि शुद्धता बघतो. तो आजीचा होता, कोणत्या लग्नात घातला होता, याचे पैसे मिळत नाहीत. घडणावळही परत येत नाही. सोन्याची किंमत सोन्यातच असते. संग्राहकाच्या गाडीचं नेमकं उलट. तिचं लोखंड-अॅल्युमिनियम भंगाराच्या भावाचं, किंमत असते ती घडणावळीला आणि इतिहासाला. १९६० च्या दशकातल्या फेरारी २५० जीटीओ फक्त ३६ बनल्या. त्यातली एक २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. तिथे प्रत्येक सांगाडा क्रमांकाचा मागोवा घेतलेला असतो, कोणत्या शर्यतीत धावली, कोणाकडून कोणाकडे गेली. ३६ हा आकडा विश्वासार्ह आहे, कारण त्यामागे नोंदी आहेत.

आपल्याला हे शिकायला लांब जायला नको. इतिहासाचार्य राजवाडे अखेरच्या काळात धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. आयुष्यभर त्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली, कारण ऐकीव बखरीपेक्षा अस्सल कागदाचं वजन त्यांना कळलं होतं. 'ही सचिनची गाडी' ही बखर झाली. भेटीची, शुल्काची आणि हस्तांतरणाची नोंद हा अस्सल कागद. शुल्कमाफीच्या वादाने त्या मोडेनाची बदनामी झाली खरी, पण त्याच वादामुळे तिचा इतिहास सरकार, न्यायालय आणि वर्तमानपत्रं या तिन्ही ठिकाणी नोंदला गेला.

तुमच्या आराखड्यासाठी

तुमचा विषय केळीच्या जुन्या वाणांचा असो, हस्तलिखितांचा असो किंवा सातपुड्यातल्या वनस्पतींचा, 'दुर्मिळ' हा शब्द लिहिलात की शेजारी चार प्रश्न पेन्सिलीने लिहा. कोणत्या वर्गात दुर्मिळ? बनलेल्यांत, उरलेल्यांत की मिळणाऱ्यांत? कोणाला हवंय? आणि कागद कुठाय?

चारही उत्तरं देता आली तर 'दुर्मिळ' हा शब्द ठेवा. नाही आली तर तो खोडून सरळ संख्या लिहा. संख्येवर परीक्षक वाद घालू शकतो, पण निदान काय तपासायचं हे त्याला कळतं.