प्रांत हवा, राजधानीही हवी

काजार राजवटीत इराणचे प्रांत म्हणजे शहाच्या उत्पन्नाची बाब होती. नासिरुद्दीन शहा नजराणा घेऊन सुभेदारी देई आणि सुभेदार तो पैसा रयतेकडून चढत्या दराने वसूल करी. शहाच्या हयात मुलांत थोरला मसूद मिर्झा ऊर्फ जिल्ल-ए-सुलतान. आई काजार कुळातली नसल्याने त्याला गादी मिळणार नव्हती, पण इस्फहानला बसून त्याने दक्षिण-पश्चिमेचा एवढा मुलूख आणि एवढी फौज जमवली की बापालाच धास्ती वाटली. १८८८ साली शहाने इस्फहान तेवढं त्याच्याकडे ठेवलं, बाकीचं काढून घेतलं.

१९०६च्या घटनात्मक क्रांतीनंतर प्रांतोप्रांती निवडून आलेल्या 'अंजुमन', म्हणजे परिषदा, स्थापण्याचा कायदा झाला. तबरीझची अंजुमन तर तत्कालीन शहाच्या फौजेला पुरून उरली. पण ही हवा टिकली नाही.

काजारांनंतर आलेल्या रझा शहाने १९३७-३८मध्ये देशाचे दहा 'उस्तान' पाडले आणि त्यांना चक्क क्रमांक दिले. सादी-हाफिजचं शिराज 'सातव्या' प्रांतात, मशहद 'नवव्या'त, इस्फहान 'दहाव्या'त. जुन्या अझरबैजानचे 'तिसरा' आणि 'चौथा' असे दोन तुकडे झाले. प्रांताचा अभिमान खरवडून काढायचा, तर याहून कोरडी युक्ती सापडणं कठीण. पुढे आकडे गेले, जुनी नावं परतली. चौकट मात्र टिकली: उस्तान, त्याखाली शहरिस्तान, मग बख्श, मग खेड्यांचा गट म्हणजे देहिस्तान. उस्तानचा प्रमुख, म्हणजे उस्तानदार, आजही गृहखात्याच्या शिफारशीवरून मंत्रिमंडळ नेमतं.

आणि इथेच खरी गंमत आहे. वरून नेमलेला असला तरी उस्तानदार आपल्याच गावात बसावा, असं प्रत्येक मोठ्या शहराला वाटतं. कारण त्याच्याबरोबर कचेऱ्या, नोकऱ्या आणि निधी येतो. सोळाव्या शतकात साऱ्या इराणची राजधानी असलेलं कझवीन झंजान प्रांतात अडकलं होतं. ऑगस्ट १९९४मध्ये त्याला वेगळा प्रांत देण्याचं विधेयक मजलिसने, म्हणजे इराणी संसदेने, फेटाळताच शहरात दंगल उसळली. सरकारने कझवीनला तेहरान प्रांताला जोडून पाहिलं. अखेर १९९७मध्ये वेगळा प्रांत दिला.

गावोगावच्या निवडून आलेल्या परिषदांची तरतूद १९७९च्या राज्यघटनेत होती, तरी पहिली निवडणूक व्हायला फेब्रुवारी १९९९ उजाडला. महापौर या परिषदाच निवडतात, पण प्रांतांच्या सीमा त्यांच्या हातात नाहीत. त्या तेहरानच आखतं. खुरासान प्रांताच्या विभाजनाच्या आराखड्यावरून २००१मध्ये तिथलं सब्झवार शहर पेटलं. २००४मध्ये खुरासानचे तीन तुकडे झाले, तेव्हा बोजनूर्द आणि बिरजंद राजधान्या झाल्या. सब्झवार मशहदच्याच हाताखाली राहिलं.